चैत्रांगण : वसंताचे अंगणातील चित्र

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांना सांधणाऱ्या सडकेवर रायापूर आहे. एकेकाळी दोन शहरांमधील मोकळ्या रानाचा हा भाग. आता सडकेच्या दुतर्फा वसाहती वाढल्या आहेत आणि वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू असते. तथापि आतल्या बाजूच्या एखाद्या गल्लीत शिरावे, तर चैत्राच्या सकाळी अजूनही एखाद्या दारासमोर सडा घातलेला दिसतो, आणि त्या ओल्या जमिनीवर पांढऱ्या रेघांनी काढलेले एक मोठे चित्र आढळते. त्यात मधोमध झोपाळ्यावर बसलेली गौर असते. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, शंख, फणी, आरसा, करंडा अशी पन्नास-साठ चिन्हे दाटीवाटीने मांडलेली असतात. हेच चैत्रांगण.

अशाच एका दारापुढे काही वर्षांपूर्वी एक साधा प्रसंग पाहावयास मिळाला. आजी पाटावर बसून चैत्रांगण रेखीत होत्या आणि सात-आठ वर्षांची नात शेजारी पायरीवर बसून बाजारातून आणलेले रंगवण्याचे पुस्तक भरीत होती. पुस्तकावर वसंतोत्सवाची चित्रे असे छापलेले होते. आत ससे होते, रंगीत अंडी होती, आपल्याकडे फारशी न दिसणारी फुले होती. मुलीने रंग फार सुबक भरले होते. रेषेबाहेर एक फराटा गेलेला नव्हता. आजींनी कौतुक केले आणि म्हणाल्या, "आता हे वहीत ठेव आणि इकडे येऊन मला एक कासव काढून दे." मुलगी खाली आली, चिमटीत रांगोळी घेतली आणि थबकली. "आजी, कासवाची रेघ कुठं आहे?" असे तिने विचारले. रेघ आधी कोणीतरी काढून ठेवलेली असते आणि आपण तिच्यात रंग भरावयाचा असतो, अशी तिची समजूत झाली होती.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. चैत्रांगण म्हणजे काय, ते कसे काढतात, त्यातील चिन्हांचा अर्थ कोणता आणि कोणत्या वयाच्या माणसाने त्यात काय करावे, याचे शक्य तितके स्पष्ट विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम काळाचा विचार करू. चैत्र शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रात गुढी उभी राहते आणि कर्नाटकात त्याच दिवशी युगादी साजरी होते. दोन्ही प्रांतांचे पंचांग शालिवाहन शकाचे आणि अमान्त मासाचे असल्यामुळे हा दिवस एकच येतो. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर माहेरी येते असे मानतात. देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेची वा गौरीची लहानशी पितळी मूर्ती घासूनपुसून पाळण्यात वा झोपाळ्यावर बसवतात. वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिचा मुक्काम असतो. त्या महिन्यात सोयीच्या एखाद्या दिवशी हळदीकुंकू होते. आरास मांडतात, आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे करतात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. माहेरवाशिणीचे जे जे कोड पुरवावयाचे, ते सर्व या देवतेचे पुरवले जाते. आणि ती आली आहे ही वार्ता दारावरून जाणाऱ्याला कळावी, म्हणून अंगणात चैत्रांगण उमटते. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात महिन्यामहिन्याचे जे रूप मराठी वाचकाला दाखवले, त्यात चैत्राला वसंताचे हृदय मानले आहे. त्या हृदयाचे घरगुती चित्र म्हणजे हे अंगण होय.

रांगोळीची कला किती जुनी, या प्रश्नाला एका सनावळीत उत्तर देता येत नाही. परंतु काही खुणा निश्चित सांगता येतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत आलेख्य म्हणजे चित्रकला ही एक कला आहे आणि तांदूळ व फुले यांनी नक्षी मांडण्याची कला तिच्याहून वेगळी सांगितली आहे. म्हणजे भिंतीवरचे वा फलकावरचे चित्र निराळे आणि भूमीवर दाण्यांनी मांडलेले चित्र निराळे, हा भेद त्या काळी स्पष्ट होता. पुढे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११२९ च्या आसपास, मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणी हा ग्रंथ रचला. त्यातील चित्रप्रकरणात रंगीत चूर्णांनी काढलेल्या धूलिचित्राचा उल्लेख आहे. ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते, कारण सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण होय. आणि त्याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात जुन्या मराठीतील पद्यपंक्तीही आढळतात. कन्नड भूमीवरील राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी गाणे आणि रांगोळी एकत्र नांदतात. धारवाड भागातील मराठी घराच्या अंगणाला याहून समर्पक पूर्वपीठिका कोणती हवी?

आता चित्राकडे वळू. चैत्रांगणातील चिन्हांची संख्या कोणी एक्कावन्न सांगतात, कोणी चौसष्ट. घराघराची परंपरा वेगळी, आणि अंगणाचा आकारही शेवटी संख्या ठरवतो. परंतु चिन्हे पाच गटांत बसवता येतात आणि ते गट ध्यानात ठेवले की चित्र लक्षात राहते.

पहिला गट घराचा आणि देवतेचा. वर आंब्याच्या पानांचे तोरण, त्याखाली मखर, मखरात झोपाळा आणि झोपाळ्यावर गौर; पुष्कळ ठिकाणी तिच्यासोबत तिची सखीही बसलेली असते. जवळच गुढी, समई, घंटा, कलश, तुळशीवृंदावन आणि दारातून आत येणारी पावले. दुसरा गट आकाशाचा : एका बाजूस सूर्य आणि दुसऱ्या बाजूस चंद्र. तिसरा गट देवांच्या खुणांचा : शंख, चक्र, गदा, पद्म ही विष्णूची; त्रिशूळ, डमरू आणि नाग ही शिवाची; गरुड, स्वस्तिक, ओंकार आणि श्री. शैव आणि वैष्णव असा भेद या अंगणात कोणी पाळत नाही. चौथा गट सृष्टीचा : आंबा, केळ, नारळ, पिंपळ, कमळ, गाय-वासरू, हत्ती, मोर, राघू-मैना, कासव आणि विंचूसुद्धा. पाचवा गट स्त्रीच्या नित्याच्या वस्तूंचा : फणी, आरसा, करंडा, कुयरी, मंगळसूत्र, जोडवी, विरोल्या, पंखा.

या पाचव्या गटाकडे अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. देवांची आयुधे मंदिरातही दिसतात, सूर्यचंद्र ताम्रपटांवर आणि वीरगळांवरही कोरलेले असतात. परंतु फणी आणि आरसा यांना सूर्यचंद्राच्या पंक्तीत बसवण्याचे धैर्य या अंगणातल्या चित्रकर्तीने दाखवले आहे. जगात जे जे मोलाचे, ते ते एका भूमीवर मांडावे असे तिला वाटले, आणि मोलाच्या वस्तूंत तिने आपली हळदीकुंकवाची कुयरीही निःसंकोच ठेवली. विंचू आणि नाग यांचेही तसेच. उन्हाळ्यात जमीन तापू लागली की हे जीव बिळांतून बाहेर पडतात. त्यांच्याशी वैर धरून भागत नाही. म्हणून त्यांनाही चित्रात जागा देऊन पाहुण्यासारखे वागवावे, असा हा विचार असावा. आपल्याला आवडते तेवढेच जग न काढता आहे तेवढे सगळे जग काढावे, ही या चित्राची शिस्त आहे.

चित्र काढण्याची रीत आता पाहू. जमीन, चूर्ण आणि हात ही तीन साधने. जुन्या घरांत अंगण शेणाने सारवलेले असे. शेणाच्या सारवणामुळे माती बसते, पृष्ठ किंचित खरखरीत राहते आणि रंग काळसर हिरवट होतो. त्यावर पांढरी रेघ उठून दिसते आणि घसरत नाही. आज बहुतेक घरांपुढे फरशी आहे. गुळगुळीत फरशीवर चूर्ण पसरते आणि वाऱ्याच्या एका झुळकीने रेघ विसकटते. यावर उपाय सोपा आहे : गेरू पाण्यात कालवून त्याचा पातळ हात फरशीवर किंवा लाकडी पाटावर द्यावा आणि तो वाळला म्हणजे त्यावर रेखावे. गेरूची जमीन खरखरीत असते आणि तिचा तांबडा रंग पांढऱ्या रेघेला शोभतो.

चूर्ण तीन प्रकारचे. शिरगोळा नावाचा पांढरा दगड कुटून, वस्त्रगाळ न करता जाडसर चाळून घेतलेली पूड ही आपल्या देशावरची रांगोळी. कोकणात भाताचे तूस जाळून त्याची पांढरी राख वापरण्याची पद्धत होती. तिसरी तांदळाची पिठी. दक्षिणेकडे तीच मुख्य मानतात, कारण ती मुंग्यांच्या आणि पाखरांच्या मुखी पडते. दगडाची पूड जड असल्यामुळे चिमटीतून एकसारखी गळते. पिठी हलकी आणि चिकट, म्हणून ती मधूनमधून अडते. नवशिक्याने पिठीत थोडी बारीक रेती मिसळून घ्यावी.

हाताविषयी पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते. ते शेजारी बसूनच शिकावे लागते. तरीही जे सांगता येईल ते सांगतो. चूर्ण अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावे. मधले बोट खालून आधार देते. अंगठा तर्जनीवर हलकेच घासला की चूर्ण सुटते. हात जमिनीपासून बोटभर उंच असावा : फार उंच धरला तर रेघ जाड आणि फिसकटलेली होते, फार खाली धरला तर बोटे आधीची रेघ पुसतात. लहान वळण मनगटातून घ्यावे, मोठे वळण खांद्यातून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळा बोटाकडे न ठेवता रेघ जिथे पोचवायची तिथे ठेवावा. सायकल शिकणाऱ्याला चाकाकडे पाहू नको असे आपण सांगतो, तसेच हे आहे.

मांडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम मधोमध झोपाळ्याची जागा ठरवावी आणि तिथे गौर काढावी. पुष्कळ घरांत गौरीचे शरीर दोन त्रिकोणांनी दाखवतात : टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर मुखाचे वर्तुळ, खाली नेसणीच्या उभ्या रेघा. हुबेहूब चेहरा काढण्याचा हव्यास तेथे नाही. ही व्यक्ती नसून खूण आहे. मग मखर, त्यावर तोरण. वरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. त्यानंतर डाव्या-उजव्या बाजूंस जोडीची चिन्हे समतोल ठेवून मांडावीत : इकडे हत्ती तर तिकडेही हत्ती, इकडे राघू तर तिकडे मैना. खालच्या ओळीत गाय-वासरू, कासव, नाग. पावले शेवटी काढावीत, आणि ती घराकडे येणारी असावीत. बाहेर जाणारी पावले काढली तर आजी रागावतात. उरलेल्या जागांत फणी, करंडा, जोडवी अशा लहान वस्तू बसवाव्यात. रिकामी जागा राहिली तर ठिपक्यांनी भरावी, पण चिन्ह ओढून-ताणून मोठे करू नये.

ज्याला कासव काढावयाचे आहे त्याच्यासाठी : मध्ये एक चौकोन, त्याच्या चारही बाजूंना बाहेर फुगणाऱ्या कमानी, चार कोपऱ्यांना चार लहान पाय, एका टोकाला डोके, दुसऱ्या टोकाला शेपटीची रेघ. स्वस्तिकासाठी प्रथम अधिक चिन्ह, मग प्रत्येक टोकापासून उजवीकडे वळणारी भुजा आणि चार मोकळ्या घरांत चार ठिपके. कमळासाठी आठ ठिपके वर्तुळात आणि एक मध्ये. दर दोन ठिपक्यांमध्ये एक पाकळी. एवढे साधले की मूल उरलेले अर्धे अंगण आपोआप काढते.

रंगाविषयी थोडे. जुने चैत्रांगण बहुधा पांढरेच असे. त्यात हळद आणि कुंकू यांची एकेक चिमूट गौरीला आणि स्वस्तिकाला वाहिली की रंग झाला. घरातील द्रव्यांनी अधिक रंगही करता येतात. हळद पिवळी, तिला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि हा पालट मुलाला डोळ्यांदेखत करून दाखवला तर ते कधी विसरत नाही. कोळशाची पूड काळी, गेरू तांबडा, वाळवून कुटलेला पाला हिरवट, कपड्यांची नीळ निळी. बाजारातील भडक रंगांत कोणती रसायने असतील याची खात्री देता येत नाही. लहान मुलांच्या हाती ते देताना विचार करावा. रंग भरताना रेघ आधी आणि रंग नंतर, हा क्रम ठेवावा, आणि रंग रेघेला चिकटवू नये. मध्ये केसभर जमीन दिसू द्यावी. त्या केसभर अंतरामुळेच चित्राला उठाव येतो.

वयाचा प्रश्न येथे येतो. चैत्रांगणाचे वैशिष्ट्य असे की त्यात तीन वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धेपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र काम आहे, आणि कोणतेही काम दिखाऊ नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाने ठिपके द्यावेत. मुठीची खालची बाजू पिठीत बुडवून जमिनीवर टेकवली आणि वर बोटांचे पाच ठिपके दिले की पाऊल होते. तेही त्याचेच काम. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाने सूर्य, चंद्र, स्वस्तिक, कमळ, कासव काढावे. दहाव्या वर्षानंतर हत्ती, मोर आणि गाय-वासरू यांत हात घालावा, कारण या आकृतींत प्रमाण सांभाळावे लागते. गौर आणि मखर प्रौढांनी काढावे. आणि ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यांनी खुर्चीवर बसून सांगावे. सांगणे हे या कलेतील सर्वांत अवघड काम आहे, कारण साठ चिन्हांचा क्रम आणि नावे त्यांच्याच स्मरणात असतात. मुलगे या कामातून वगळले जाण्याचे काहीच कारण नाही. ज्यांना अंगण नाही त्यांनी पाटावर काढावे, पाट नाही त्यांनी कागदावर काढावे. तांबड्या कागदावर पांढऱ्या खडूने काढलेले चैत्रांगण भिंतीवर महिनाभर टिकते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ससा आणि रंगीत अंडे हे परके आहेत म्हणून त्याज्य, असे म्हणण्याचा हेतू मुळीच नाही. युक्रेन देशात ईस्टरच्या सणाला अंड्यावर मेणाने रेघा काढून, ते एकामागून एक रंगांत बुडवून, शेवटी मेण वितळवून नक्षी उघड करतात. त्या अंड्याला तेथे पिसांका म्हणतात. त्यावर सूर्य असतो, मासा असतो, गव्हाची ओंबी असते. आया आणि आज्या ते मुलींना शिकवतात. युनेस्कोने २०२४ मध्ये युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या नावे या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. म्हणजे तिकडची अंडी रंगवणारी आजी आणि इकडची अंगण रेखणारी आजी या एकाच कुळातल्या. तमिळ प्रदेशातील कोलम पाहा. ठिपक्यांभोवती अखंड फिरणाऱ्या त्या रेघेत इतकी नियमबद्धता आहे, की १९७४ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकशास्त्रातील चित्रव्याकरणाचा अभ्यास तिच्या आधारे केला. निरक्षर मानल्या गेलेल्या बायकांच्या बोटांत गणित होते, हे विद्वानांना तेव्हा उमगले.

तेव्हा अडचण चित्राच्या परकेपणाची नाही. ती आयत्या रेघेची आहे. दुसऱ्याने काढलेल्या आकृतीत रंग भरताना मूल संयम शिकते, बोटांवर ताबा मिळवते, हे खरे. त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु कासव कसे असते हे त्याला ठरवावे लागत नाही. डोके कोठे, पाय किती, पाठ केवढी, हे प्रश्न कोणीतरी आधीच सोडवलेले असतात. हाच दोष आज रांगोळीच्याही वाट्याला आला आहे : चिकटवण्याची तयार रांगोळी मिळते, छिद्रांचे छाप मिळतात, आणि एका झटक्यात साठ चिन्हे उमटतात. छाप टाकणाऱ्या बाईला त्यातील वीस चिन्हांची नावे विचारावीत; ती गोंधळते. हात गेला की नाव जाते.

आणि नाव गेले की भाषा उणी होते. साहित्याच्या नियतकालिकात रांगोळीविषयी इतके लिहिण्याचे हेच प्रयोजन आहे. विरोल्या, कुयरी, करंडा, मखर, अंबारी, चौरंग हे शब्द आज मराठी घरांत बोलण्यात येतात किती? वस्तू व्यवहारातून गेल्या. शब्द पुस्तकांत आणि कोशांत उरले. फक्त चैत्रांगण काढणाऱ्या घरात ते वर्षातून एकदा मोठ्याने उच्चारले जातात. "आता त्या बाजूला विरोल्या काढ" असे आजी म्हणतात, नात विचारते "म्हणजे काय?" आणि पायाच्या बोटाकडे बोट जाते. कोणत्याही शब्दकोशाने दिला नसता इतका नेमका अर्थ त्या क्षणी मिळतो.

धारवाड भागातील मराठी कुटुंबांत ही गोष्ट अधिक जाणवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता; येथे मराठी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या कन्नड शेजारात राहिली आहेत. मुले कन्नड वा इंग्रजी शाळांत शिकतात आणि मराठी ही घरातल्या घरात बोलण्याची भाषा होऊन राहते. अशा घरात अंगण ही एकमेव पाठशाळा ठरते. परंतु ती एकभाषी पाठशाळा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या कन्नड घरातही चैत्रगौर असते; तेथे पन्ह्याऐवजी पानक आणि डाळीऐवजी कोसंबरी मिळते, एवढाच फरक. शेजारीण डोकावून म्हणते, ही आमची जोकाली. आपण म्हणतो, हा आमचा झोपाळा. तिची आमे ते आपले कासव, तिची आने तो आपला हत्ती, तिची गिळी तो आपला राघू, तिची चुक्की तो आपला ठिपका. एका चिन्हाला दोन नावे मिळतात आणि मूल दोन्ही शिकते. धारवाडचे थोर कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. त्यांची युगादीवरील कविता आज कन्नड मुलखात घरोघर ठाऊक आहे. दोन भाषांचे अंगण एक असले की काय पिकते, याचा याहून मोठा दाखला शोधावयास नको.

एक गोष्ट मात्र अप्रिय असली तरी लिहिली पाहिजे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू हे दीर्घकाळ केवळ सवाष्णींचे मानले गेले. ज्या आजींच्या स्मरणात साठही चिन्हे होती, ज्यांनी रेघन् रेघ शिकवली, त्या विधवा असल्या तर हळदीकुंकवाच्या दिवशी त्या माजघरात बसत. चित्रात विंचवाला जागा होती, पण चित्रकर्तीला समारंभात नव्हती. या विसंगतीने किती मने दुखावली असतील याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. सुदैवाने काळ बदलतो आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाड कर्नाटकाच्या सीमेजवळच आहे. तेथील वारा चैत्रगौरीच्या आरशीपर्यंत पोचावा. चैत्रांगण सर्व वयांचे आहे असे आपण म्हणतो. ते सर्व अवस्थांचेही असले पाहिजे. तसे झाले तर ही कला टिकण्याचे एक कारण वाढेल, कारण ज्यांना ती उत्तम येते अशा अनेकजणी त्यामुळे पुन्हा अंगणात येतील.

शेवटी टिकण्याविषयी. चैत्राच्या उत्तरार्धात या भागात दुपारनंतर ढग दाटतात. धारवाडच्या आमरायांत कैऱ्या भरत आलेल्या असतात, आणि एखाद्या संध्याकाळी वळवाची सर कोसळते. सकाळी दोन तास खपून काढलेले अंगण पाच मिनिटांत वाहून जाते. नवखा माणूस हळहळतो. पण घरातील कोणी हळहळत नाही. दुसऱ्या दिवशी सडा पडतो आणि चित्र पुन्हा उभे राहते. महिन्याभरात एकच चित्र वीस-पंचवीस वेळा काढले जाते आणि म्हणूनच ते हातात बसते. छापलेले चित्र टिकते, पण ते कागदावर टिकते. अंगणातले पुसले जाते आणि बोटांत उरते.

त्या रायापूरच्या मुलीने त्या सकाळी कासव काढले. पाय पाच झाले होते. आजींनी एक पाय पदराच्या टोकाने पुसला आणि म्हणाल्या, "उद्या चारच काढ." दुसऱ्या दिवशी त्या दारावरून गेलो तेव्हा अंगणाच्या खालच्या ओळीत चार पायांचे एक वाकडे कासव घराच्या दिशेने चालले होते.